पंखाखालची शीर

पंखाच्या आतल्या बाजूची पिसं
थोडी ओली करून सारली
की दिसते ती,
निळसर, शिवणाच्या दोऱ्याएवढी.
सुई टोचण्याआधी कोंबडी एकदा
बघते आपल्याकडे, एकाच डोळ्यानं.
दुसरा डोळा पलीकडे, आपल्या कामात.

"एवढूशा जिवाचं रगत काहून काढता बाई?"
कुहीजवळच्या पाड्यावर फुलवंता मडावी विचारते.
मी म्हणते, आत कोणी राहतं का पाहायचंय.
"राह्यत असन की.
माह्या घरात कोन नाही राह्यत?
उंदीर हाये, सासू हाये,
कुडाच्या फटीत गोचीड हाये."
सासू ओसरीवरून खोकते, ऐकल्यासारखी.

कोंबडीचं नाव कवडी. वय तीन वर्षं,
एक मांजर आणि दोन मरगी पाहिलेली.
दिवेलागणीला ती खुराड्यात जात नाही,
बोरीच्या खालच्या फांदीवर बसते
आणि धानाच्या बांध्यांतून चिलटं उठतात
तिच्या उघड्या पायांकडे, डोळ्यांच्या कडांकडे.
तिला ठाऊक असावं.
फांदी मात्र तिनं बदललेली नाही.

त्याच आठवड्यात उमरेड रोडवर लांजेवारांचं शेड.
चपला बाहेर, पाय औषधाच्या पाण्यात.
पडदे, पंखे, संध्याकाळी धूर.
सहा हजार पांढऱ्या माना एकदम वर होतात
आणि एकदम खाली.
नाव कोणालाच नाही.
"बेचाळीस दिवस, मॅडम.
त्रेचाळीसाव्याला पहाटे गाडी लागते.
आमचं रक्त साफ आहे, तसं लिहा."

सेमिनरी हिल्सच्या उतारावर आमची प्रयोगशाळा.
मे महिना, कूलरला पाणी नाही,
गिम्साचा जांभळा रंग
नखांच्या कडांत दोन दिवस टिकतो,
घरी आई वेगळं ताट वाढते.
तेलाचा एक थेंब, मग हजारपट मोठं जग:
कोंबडीच्या तांबड्या पेशीला केंद्रक असतं,
बोरातल्या बीसारखं, मधोमध.
आपल्या पेशीत ते नसतं.
मला दर वेळी जरा हेवा वाटतो.

आणि कवडीच्या काचेवर, तिसऱ्याच जागी, तो:
त्या बीला वळसा घालून वाकलेला,
विळ्यासारखा.
कुशीत घेतलंय की आवळलंय,
भिंगातून कळत नाही.

विळा माझ्या ओळखीचा आहे.
पर्समध्ये सिकलसेलचं कार्ड आहे, अर्धं पिवळं.
कामठीचं एक स्थळ ते वाचून
चहा न घेता उठलं होतं.
पण त्याचा रकाना या वहीत नाही.

लांजेवारांच्या काचा साफ. पुन्हा पाहिल्या. साफ.
डॉ. गोंडाणे मॅडम म्हणतात, शेरा लिही.
मी पेन धरून बसते.
स्वच्छता, जाळी, फवारणी, हे खरंच आहे,
तेच लिहिलं.
हे लिहिलं नाही
की परजीवीलाही यजमानाचं आयुष्य लागतं;
बेचाळीस दिवसांत
कोण कोणाच्या घरी रुळणार?

जूनच्या आधी परत गेले.
कवडी नऊ अंड्यांवर बसलेली,
टोपलीत राख आणि कडुनिंबाचा पाला.
"निंघालं का कोनी?"
निघालं.
"किती?"
शंभर पेशींत चार.
फुलवंतानं बोटं मोजली, मग सोडून दिली.
"मंग जागा हाये अजून."

मी फटी लिंपायला सांगितल्या,
औषधाची पुडी दिली, मात्रा दोनदा सांगितली.
ती हो म्हणाली, जसं मीही डॉक्टरला म्हणते.
निघताना दोन अंडी, पेपरात गुंडाळलेली.
ती मांडीवर घेऊन एसटीत बसले,
काचांचा डबा खाली, पायांशी.
दिघोरी नाक्याच्या गतिरोधकावर एक तडकलं.
रुमालावर आधीच जांभळा डाग होता.
आता शेजारी पिवळा.